ह्यूस्टनचीं बेसबॉल-क्रीडागारें व ॲस्ट्रोवर्ल्ड : प्रचलित कथेची चिकित्सा

(१)

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सास संस्थानांत ह्यूस्टन नांवाचें मोठें शहर आहे. इ. स. १८३६ मध्यें ॲलन बंधूंनीं तें वसविलें. म्हणजे आमच्याकडे पेशवाई बुडून अठरा वर्षें झालीं होतीं त्या सुमारास हें शहर जन्मास आलें. इतक्या अलीकडच्या शहराचा इतिहास तो कसला, आणि त्यांतही चेंडूच्या खेळाचीं मैदानें व मुलाबाळांचें क्रीडोद्यान यांस संशोधनाच्या त्रैमासिकांत जागा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, साधनांच्या चिकित्सेचे नियम वस्तूच्या वयावर अवलंबून नसतात. उलट, ज्या गोष्टी हयात असलेल्या माणसांनीं स्वतः पाहिल्या, त्यांच्याविषयीं सुद्धां पन्नास-साठ वर्षांत केवढी बखर रचली जाते, हें या उदाहरणांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

ही बखर थोडक्यांत अशी : ह्यूस्टनच्या उकाड्याला व डांसांना लोक कंटाळले होते. तेव्हां रॉय हॉफहाइन्झ नामक एका कल्पक पुरुषाला, रोमच्या प्राचीन प्रेक्षागारावर सावलीसाठीं कनात ताणीत असत हें आठवून, बेसबॉलचें सबंध मैदानच छपराखालीं घेण्याची कल्पना सुचली. त्यानें १९६५ सालीं ॲस्ट्रोडोम नांवाचें जगांतील आठवें आश्चर्य उभें केलें. त्यांत गवत उगवेना म्हणून कृत्रिम हिरवळ निर्माण केली. शेजारीं ॲस्ट्रोवर्ल्ड हें क्रीडोद्यान वसविलें. पुढें काळ बदलला, दोन्ही वस्तू जुन्या झाल्या, आणि शहर पुढें गेलें.

या कथेंत असत्य फारसें नाहीं; अपुरें मात्र बरेंच आहे. ती कर्त्याच्या नांवाभोंवतीं व शेवटल्या यशाभोंवतीं रचली आहे, आणि मधल्या चुका, दुरुस्त्या, अटी व देणीं तिनें गाळलीं आहेत. कै. राजवाडे यांनीं बखर व अस्सल कागद यांमधील भेद महाराष्ट्रास पटवून दिला त्यास शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तोच भेद येथें लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत हॉफहाइन्झ यांची निंदा करण्याचा हेतु नाहीं. वस्तू, तारखा आणि हिशेब काय सांगतात एवढेंच पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम घुमटापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. कारण प्रचलित कथा १९६५ पासून सुरू होते, जणूं काय त्यापूर्वीं या शहरीं बेसबॉल नव्हताच. वस्तुतः ११ एप्रिल १९२८ रोजीं तेथें बफेलो स्टेडियम उघडलें. समारंभास बेसबॉलचे आयुक्त लँडिस स्वतः उपस्थित होते. टेक्सास लीगमधील ह्यूस्टनचा संघ त्या काळीं सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाच्या पदरीं असून तरुण खेळाडू येथें तयार करून वर पाठविण्यांत येत. पुढें सर्व देशांत प्रसिद्धि पावलेला डिझी डीन हा चेंडूफेक्या १९३१ सालीं याच मैदानावर खेळत होता. १९५३ सालीं मैदानाचें नांव बदलून बुश स्टेडियम झालें आणि १९६३ सालीं तें पाडण्यांत आलें. त्या जागीं फर्निचरच्या दुकानाची मोठी इमारत उठली. दुकानदारानें मात्र, ज्या ठिकाणीं फलंदाज उभा राही ती होम प्लेटची जागा फरशींत खूण करून राखून ठेविली व तिच्याभोंवतीं खेळाच्या वस्तूंचा लहानसा संग्रहही मांडला. सरकारनें किंवा एखाद्या मंडळानें करावयाचें काम एका व्यापाऱ्यानें केलें, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

१९६० च्या ऑक्टोबरांत नॅशनल लीगनें ह्यूस्टनला वरिष्ठ दर्जाचा संघ दिला. छपराचें क्रीडागार तयार होईपर्यंत खेळ थांबवितां येईना, म्हणून त्याच्याच शेजारीं कोल्ट स्टेडियम नांवाचें तात्पुरतें मैदान बांधून १९६२, १९६३ व १९६४ हे तीन हंगाम तेथें पार पाडले. तेथील उकाड्याच्या व डांसांच्या गोष्टी अमाप आहेत व त्यांतील पुष्कळ अतिशयोक्तीच्या आहेत. परंतु एक पुरावा असा आहे कीं, त्यास अतिशयोक्तीचा वास नाहीं. रविवारचा सामना दिवसां खेळावयाचा ही लीगची वहिवाट होती. ती मोडून ९ जून १९६३ रोजीं वरिष्ठ लीगमधील पहिला रविवारचा रात्रीचा सामना या मैदानावर झाला, आणि याचें कारण उष्णता हेंच होतें. शंभर आठवणींपेक्षां सामन्यांच्या वेळापत्रकांतील हा एक बदल आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. पुढें या मैदानाच्या बैठकी उकलून मेक्सिकोंतील तोरेऑन शहरीं नेण्यांत आल्या. म्हणजे तात्पुरतें म्हणून जें बांधलें त्याचे अवयव परदेशांत पुन्हा कामास आले, आणि कायमचें म्हणून जें बांधलें तें, आपण पुढें पाहूं त्याप्रमाणें, ओस पडलें.

(३)

आतां कथेचा पहिला दावा घेऊं : घुमट ही एका पुरुषाची कृति होय.

हॉफहाइन्झ हे कर्तबगार गृहस्थ होते यांत संशय नाहीं. त्यांच्या नांवामागील ‘जज्ज’ ही पदवी न्यायासनाची नसून हॅरिस काउंटीच्या, म्हणजे आमच्या भाषेंत जिल्ह्याच्या, कारभाराच्या प्रमुखाची आहे. तरुणपणीं ते त्या पदावर होते व पुढें शहराचे महापौरही झाले. परंतु वरिष्ठ लीगचा संघ ह्यूस्टनला मिळावा यासाठीं खटपट सुरू केली ती जॉर्ज कर्क्सी व क्रेग कलिनन यांनीं. पैशाचें बळ आलें तें तेलाच्या व जमिनीच्या धंद्यांतील रॉबर्ट स्मिथ यांचें. आराखडे लॉइड व मॉर्गन आणि विल्सन, मॉरिस, क्रेन व अँडरसन या दोन वास्तुशिल्पी मंडळ्यांनीं केले. एकंदर बांधणीचें गणित वॉल्टर मूर यांच्या कचेरीनें केलें, आणि घुमटाच्या पोलादी जाळीची पद्धति किविट नामक अभियंत्याची. खेळाच्या मैदानापासून २०८ फूट उंच व ६४२ फूट रुंद असें हें छप्पर मध्यें एकही खांब न देतां उभें आहे. तें उभें करणाऱ्या मंडळींचीं नांवें बखरींत येत नाहींत, हा बखरीचा नेहमींचाच धर्म आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हें क्रीडागार खाजगी नव्हतें. तें काउंटीच्या मालकीचें होतें आणि त्यासाठीं कर्जरोखे काढावयाचे होते. जानेवारी १९६१ मध्यें २ कोटी २० लक्ष डॉलरांच्या रोख्यांस मतदारांची मान्यता घ्यावी लागली. त्या काळीं दक्षिणेकडील या शहरांत काळ्या व गोऱ्या लोकांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असत. काळ्या समाजाचे पुढारी क्वेंटिन मीझ यांनीं आपल्या लोकांचा पाठिंबा मिळवून दिला तो एका अटीवर : नव्या क्रीडागारांत असा भेद मुळींच असतां कामा नये. अट मान्य झाली व पाळली गेली. शहरांतील पुष्कळ ठिकाणें भेदानें बांधलेलीं असतां या मैदानाचा दरवाजा आरंभापासून सर्वांस सारखा उघडा राहिला.

आमच्या मतें सबंध इतिहासांतील हें सर्वांत मोठें कलम आहे. लुकलुकणारा प्रचंड धावफलक, मखमली खुर्च्या आणि धनिकांसाठीं वरच्या मजल्यावर काढलेल्या खोल्या यांचीं वर्णनें प्रत्येक पुस्तकांत सांपडतात. मतदानाची ही अट फार थोड्या ठिकाणीं सांपडते. वास्तूचें श्रेय एका पुरुषास दिलें म्हणजे ज्या हजारों मतदारांनीं कर्जाचा बोजा व आपली अट अशा दोन्ही गोष्टी एकाच मतपत्रिकेनें ठरविल्या, ते कथेंतून नाहींसे होतात. ३ जानेवारी १९६२ रोजीं पायाभरणीच्या वेळीं अधिकाऱ्यांनीं कुदळ न मारतां जमिनींत पिस्तुलें झाडलीं, तें चित्र मात्र सर्वांच्या लक्षांत आहे. तमाशा लक्षांत राहतो व करार विसरला जातो, ही तक्रार आमच्या वाचकांस नवीन नाहीं.

(४)

दुसरा दावा असा कीं, हें आश्चर्य सर्वांगीं पूर्ण जन्मास आलें. येथें तारखाच साक्ष देतात.

९ एप्रिल १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघाशीं प्रदर्शनाचा सामना झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हजर होते, आणि घुमटाखालील पहिला होम रन मिकी मँटल यानें मारला. छपरास ४,५०० हून अधिक पारदर्शक तावदानें बसविलीं होतीं, तीं अशासाठीं कीं, खालीं खरें गवत वाढावें. परंतु दिवसाच्या खेळांत त्या तावदानांतून येणाऱ्या झगझगाटानें उंच गेलेला चेंडू खेळाडूंस दिसेना. उपाय म्हणून तावदानांस रंग फांसला. झगझगाट गेला, पण त्याबरोबर ऊनही गेलें, आणि गवत मेलें. त्या हंगामाचा उरलेला भाग मेलेल्या गवतास हिरवा रंग देऊन काढावा लागला. १९६६ च्या एप्रिलांत आंतील मैदानावर व जुलैमध्यें बाहेरील मैदानावर मोन्सँटो कंपनीची कृत्रिम हिरवळ अंथरली, आणि तिलाच ॲस्ट्रोटर्फ हें नांव पडलें.

ही हिरवळ घुमटासाठीं शोधून काढली असें वारंवार लिहिलें जातें. तें बरोबर नाहीं. तीच वस्तु १९६४ सालीं, म्हणजे घुमट उघडण्यापूर्वीं, प्रॉव्हिडन्स येथील एका शाळेच्या मैदानावर दुसऱ्या नांवानें घातलेली होती. ह्यूस्टननें तिला जन्म दिला नाहीं. नांव दिलें व कीर्ति दिली. हा फरक बारीक आहे, पण जो संग्राहक आपल्या संग्रहांतील हिरव्या तुकड्यावर ‘पहिली कृत्रिम हिरवळ’ अशी चिठ्ठी चिकटवील त्यास तो ठाऊक असणें अवश्य आहे.

पावसाची कथाही अशीच. छप्पर असल्यानें येथें सामना पावसामुळें कधींच रद्द होणार नाहीं अशी प्रौढी होती. १५ जून १९७६ रोजीं पिट्सबर्गच्या संघाशीं होणारा सामना पावसामुळेंच रद्द झाला. कारण आंत थेंबही न पडतां बाहेर रस्ते बुडाले, आणि पंच व प्रेक्षक येऊंच शकले नाहींत. छपरानें पाऊस जिंकला, पण सपाट भूमीवर वसलेल्या शहराचें पाणी छपराच्या हातीं नव्हतें.

या गोष्टी आम्ही उपहासानें सांगत नाहीं. उलट आमच्या दृष्टीनें घुमटाची खरी थोरवी यांतच आहे. तो झाला तो एका कल्पनेच्या साक्षात्कारानें नव्हे, तर उष्णतेस छप्पर, छपरास तावदान, तावदानास रंग, रंगास कृत्रिम गवत, अशा एकामागून एक उत्तरांनीं. प्रत्येक उत्तरानें नवा प्रश्न उत्पन्न केला व तो सोडविणारीं माणसें तेथें होतीं. आठवें आश्चर्य म्हटलें म्हणजे ही माणसें व त्यांचे श्रम दोन्हीं झांकून जातात.

(५)

तिसरा दावा ॲस्ट्रोवर्ल्डविषयीं आहे. घुमटाचा इतिहास लिहिणारे त्याला एका परिच्छेदांत उरकतात, आणि उद्यानाच्या आठवणी लिहिणारे घुमटाकडे पार्श्वभूमि म्हणून पाहतात. वास्तविक दोन्ही एकाच योजनेचे भाग होते. शेजारचें प्रदर्शनगृह, पाहुण्यांसाठीं हॉटेलें, क्रीडागार व क्रीडोद्यान मिळून एक वसाहत हॉफहाइन्झ यांनीं कल्पिली होती. याचा दगडी नव्हे तरी सिमेंटी पुरावा म्हणजे हमरस्त्यावरून बांधलेला पादचाऱ्यांचा पूल : घुमटाच्या बाजूस गाडी उभी करावी, पुलावरून चालत पलीकडे उद्यानांत जावें. ज्यानें हा पूल पाहिला त्याला दोन वेगळे इतिहास लिहितां येणार नाहींत.

उद्यान १ जून १९६८ रोजीं उघडलें. रचना रँडल ड्यूएल यांची. ते पूर्वीं हॉलीवूडच्या चित्रपटांसाठीं देखावे तयार करणारे कलादिग्दर्शक होते, आणि उद्यानांतील निरनिराळ्या देशांच्या व काळांच्या पेठा पाहतां त्यांचा तो पूर्वव्यवसाय सहज ओळखूं येई. १९७० सालीं हॉफहाइन्झ यांना पक्षाघात झाला. कर्जें वाढत गेलीं, सावकार कंपन्यांचा ताबा आला, आणि १९७५ मध्यें उद्यानाचा कारभार सिक्स फ्लॅग्ज या कंपनीकडे गेला. म्हणजे एकत्र कल्पिलेल्या वस्तूंची मालकी केवळ सात वर्षांत फुटली. पुढील सर्व अनर्थाचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

१९७६ सालीं उद्यानांत टेक्सास सायक्लोन हा लांकडी रोलर कोस्टर उभा राहिला. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर १९२७ सालीं बांधलेल्या सायक्लोनची ती नक्कल होती, मूळापेक्षां किंचित् उंच. हस्तलिखितांचा ज्यांस व्यासंग आहे त्यांनीं या ठिकाणीं थोडें थांबावें. पोथीच्या बाबतींत बहुधा मूळ नष्ट होतें व नक्कल हातीं येते. येथें नक्कल नष्ट झाली व मूळ अद्याप चालू आहे. याचें कारण लांकडाच्या टिकाऊपणांत शोधूं नये. मूळ सायक्लोन १९८८ सालीं न्यूयॉर्क शहरानें संरक्षित वास्तु म्हणून नोंदविला. ह्यूस्टनच्या सायक्लोनला अशी नोंद मिळाली नाहीं. जी वस्तु दफ्तरांत आली ती राहिली.

१२ सप्टेंबर २००५ रोजीं कंपनीनें उद्यान बंद करण्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत, कॅटरिना वादळानें न्यू ऑर्लिन्स बुडविल्यामुळें आलेले हजारों निराश्रित रस्त्याच्या या बाजूस घुमटाखालीं राहात होते. एकाच पुलाच्या एका टोकास जुनी वास्तु माणसांच्या उपयोगास येत होती व दुसऱ्या टोकास जुनें उद्यान जमिनीच्या भावानें मोजलें जात होतें. ३० ऑक्टोबर रोजीं उद्यानाचे दरवाजे मिटले. जमिनीला मोठी किंमत येईल ही अपेक्षा होती. विक्री झाली ती ७ कोटी ७० लक्ष डॉलरांस, अपेक्षेहून पुष्कळच कमी. म्हणून ‘काळ बदलला, जुनें झालें’ हा दावा आम्हांस मान्य नाहीं. उद्यान वार्धक्यानें मेलें नाहीं. तें एका चुकलेल्या हिशेबानें गेलें. जागा पुढें वर्षानुवर्षें मोकळी राहिली, आणि पूल उरला.

(६)

वस्तू गेल्या, पण नांवें मात्र राहिलीं व फिरलीं. आणि नांवांवर विसंबून राहणें संशोधकास किती घातक आहे याचा हा नमुना आहे. कोल्ट पिस्तुलांच्या कंपनीशीं हक्काचा वाद पडल्यानें १९६४ च्या डिसेंबरांत संघाचें कोल्ट हें नांव गेलें, आणि शहरांत नुकत्याच आलेल्या अंतराळ-केंद्राच्या कीर्तीवरून ॲस्ट्रोज हें नांव आलें. त्या एका उपपदावरून घुमट, हिरवळ, उद्यान सर्वांचीं नांवें पडलीं. उद्यान गेल्यावर तेंच नांव एका गायकाच्या संगीतोत्सवानें घेतलें. ५ नोव्हेंबर २०२१ रोजीं घुमटाच्या आवारांत भरलेल्या त्या उत्सवांत चेंगराचेंगरी होऊन दहा जणांचे प्राण गेले. आतां त्या शब्दाचा शोध घेणाऱ्यास प्रथम हा शोकप्रसंग सांपडतो, उद्यान नंतर.

बेसबॉलचा संघ १९९९ च्या हंगामाअखेर घुमटांतून निघाला व २००० सालीं शहराच्या मध्यभागीं नव्या क्रीडागारांत गेला. १९११ सालचें युनियन स्टेशन हें जुनें रेल्वेस्थानक न पाडतां त्याच्या दर्शनी भागांत सामावून घेतलें, ही या सबंध इतिहासांतील प्रशंसनीय गोष्ट होय. या क्रीडागारास दिलेलें पहिलें नांव महाराष्ट्रास पूर्ण परिचयाचें आहे : एन्रॉन फील्ड. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागरनजीक दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें १९९२ ते २००१ या काळांत जें नांव आमच्या विधिमंडळांत, न्यायालयांत व गांवोगांवच्या सभांत गाजलें, तीच ही ह्यूस्टनची कंपनी. डिसेंबर २००१ मध्यें तिचें दिवाळें वाजलें. क्रीडागारावर चढविलेलें तें नांव उतरविण्यासाठीं संघास २००२ सालीं २१ लक्ष डॉलर मोजावे लागले. त्यानंतर कांहीं काळ ॲस्ट्रोज फील्ड, मग मिनिट मेड पार्क, आणि १ जानेवारी २०२५ पासून डायकिन पार्क, अशीं त्या एकाच इमारतीस चार नांवें झालीं. विकत मिळणारें नांव हें दानपत्रावरील शिक्क्यासारखें नसतें. तें भाडेपट्ट्यासारखें असतें. यासाठीं संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, ह्यूस्टनच्या क्रीडागाराचें तिकीट किंवा चित्र हातीं आलें तर त्यावर नांवाबरोबर जागा व तारीख अवश्य टिपावी.

(७)

आतां अवशेषांकडे वळूं. १९८८ सालीं फुटबॉलच्या ऑइलर्स संघास राजी राखण्यासाठीं घुमटांत दहा हजार जागा वाढविल्या व त्यापायीं तो प्रसिद्ध धावफलक काढून टाकला. संघ तरीही १९९६ च्या हंगामानंतर शहर सोडून गेला. म्हणजे वास्तूचें भूषण दिलें आणि मोबदला मिळाला नाहीं. २००६ च्या जानेवारींत उद्यानांतील सामानाचा लिलांव झाला. गाड्या, पाट्या, दिवे घरोघर गेले. २ नोव्हेंबर २०१३ रोजीं घुमटांतील खुर्च्या व हिरवळीचे तुकडे विकावयास काढले. खुर्च्यांची जोडी २०० डॉलरांस होती व लोकांची मोठी रांग लागली. तीनच दिवसांनीं, ५ नोव्हेंबरास, घुमट दुरुस्त करून वापरांत आणण्यासाठीं २१ कोटी ७० लक्ष डॉलरांचे रोखे काढावे कीं नाहीं यावर मतदान होतें. सुमारें ५३ विरुद्ध ४७ या प्रमाणानें योजना फेटाळली गेली.

या दोन तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्या. जे लोक खुर्ची घेण्यासाठीं रांगेंत उभे राहिले, त्यांच्याच शहरानें खुर्च्यांचें घर राखण्यास नकार दिला. ‘लोकांस घुमट नको होता’ असा निष्कर्ष यावरून काढणारे लेखक आहेत. आमच्या मतें तो टिकत नाहीं. मतपत्रिकेवर प्रश्न एका विशिष्ट योजनेचा व एका विशिष्ट रकमेचा होता; पाडावा कीं ठेवावा असा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता. कागद जें विचारतो त्याचेंच उत्तर त्यांत असतें. या विरुद्ध असें म्हणतां येईल कीं, दुरुस्तीचा खर्च प्रचंड आहे व कर देणाऱ्यांस तो नाकारण्याचा अधिकार आहे. हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही हलका लेखीत नाहीं. ओस इमारत राखणें हें स्वतः कांहीं पुण्य नव्हे. परंतु त्यावरून फार तर दुसरी, स्वस्त योजना शोधावी असें निघतें. पाडावें असें निघत नाहीं.

सुदैवानें दफ्तरानें येथें थोडें काम केलें. जानेवारी २०१४ मध्यें घुमट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत आला, व २०१७ सालीं टेक्सास संस्थानानें त्यास संरक्षित पुरातन वास्तु ठरविलें. त्यामुळें राज्याच्या संमतीवांचून तो पाडतां येत नाहीं. २०१८ सालीं १० कोटी ५० लक्ष डॉलरांची एक योजना मंजूर झाली, पण ती तडीस गेली नाहीं. अशा रीतीनें तो उभा आहे, आणि रिकामा आहे.

(८)

तात्पर्य काय? प्रचलित कथेंतील तीन दाव्यांपैकीं पहिला अर्धा खरा, दुसरा सजविलेला व तिसरा चुकीचा, असा आमचा निर्णय आहे. घुमट हा पुष्कळांच्या हातांचा व मतांचा, दुरुस्त्यांनीं घडलेला होता. उद्यान त्याचें भावंड होतें. आणि त्यांचा विलय काळानें नव्हे, तर मालकीच्या फाटाफुटीनें व हिशेबांनीं केला. कोणी नवा इतिहास लिहूं इच्छील तर त्यानें मतदानाची अट, रविवारचें वेळापत्रक, रंगविलेलीं तावदानें व हमरस्त्यावरचा पूल या चार वस्तूंपासून आरंभ करावा, असें आम्ही सुचवितों.

परंतु त्यासाठीं साधनें हवींत, आणि तीं आतां बहुतेक खाजगी घरांत आहेत. संग्राहकांना दोष देणें सोपें आहे; आम्ही तो देत नाहीं. फर्निचरच्या दुकानांत होम प्लेटची खूण राखणारा गृहस्थ हाही संग्राहकच होता, आणि त्यानें वस्तु न उचलतां जागा राखली. जो खुर्ची विकत घेतो त्यानें ती कोणत्या ओळींतील, केव्हां व कोणाकडून घेतली हें एका चिठ्ठीवर लिहून खुर्चीच्या खालीं लावलें, तर ती पुरावा होते; नाहीं तर ती केवळ बसण्याची वस्तु राहते. आमच्याकडे वाड्यांतील दफ्तरें रद्दींत गेलीं, कोरीव तुळया दुकानांत गेल्या आणि कोणत्या वाड्यांतून आल्या हें सांगणारा कोणी उरला नाहीं, ही हळहळ या त्रैमासिकाच्या वाचकांइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ह्यूस्टनचीं माणसें अजून हयात आहेत, घुमट अजून उभा आहे, आणि पूल अजून आहे. तेथील संग्राहकांस चिठ्ठ्या लिहावयास अद्याप वेळ आहे. आमच्या संग्राहकांनींही आपापल्या कपाटांत एकदां डोकावून पाहावें, ही विनंती.